आईच्या चुलीचा तुकडा

सावळीराम डबडं बडवत कुसाबाईच्या अंगणात घुसला तेव्हा म्हातारी उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होती. डबडं म्हंजे गोडेतेलाचा जुना पत्र्याचा डबा, सुतळीनं गळ्यात अडकवलेला, आणि हातात बाभळीचं दांडकं. माघाची पुनव झाली की सावळीराम हे घेऊन घरोघर फिरायचा. पाड्यातली पोरं "डबड्या आला, डबड्या आला" करत त्याच्या मागं पळायची. त्याला राग नाय यायचा. उलट अजून जोरात बडवायचा.

"बंद कर रं ते!" कुसाबाई ओरडली. "मेलेला उठून बसंल."

"मेलेल्यांसाठी नाय, मावशे, जित्यांसाठीच बडवतोय. उद्या पट्टा हाय. विळा घासलास का?"

"घासलाय."

"आणि मोहाखालचा पाला?"

"त्याचं काय?"

"जाळायच्या आधी खराट्यानं गोल झाडून घे. आणि सकाळी दव हाय तवरच काडी लाव. ऊन चढल्यावर नाय."

"तुझ्या बापाच्या लग्नात मी पंगतीला वाढत होते," म्हातारी म्हणाली. "आणि तू मला पाला जाळायला शिकवतोस?"

"वाढत होतीस ना? मग आता तेवढं माझं ऐक." असं म्हणून सावळीराम पुढच्या दाराला गेला.

आमचा पाडा इगतपुरीच्या पल्याड, डोंगराच्या कुशीत. पावसाळ्यात इथं असा पाऊस पडतो की माणसाच्या डोक्यावर गवत जातं. कार्तिकात ते पिवळं पडतं आणि माघात असं कडक होतं, की चालताना पापडासारखं मोडतं. त्यात कुणाची विडी पडो, भाताच्या रोपांसाठी कुणाचा राब भाजताना ठिणगी उडो, नायतर मोहाखालचा पाला जाळताना वारा सुटो. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती पाल्यात दिसत नायत, म्हणून बाया आधीच झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. आमच्यात सगळेच करतात. वणवा काय आभाळातनं पडत नाय. तो आमच्याच हातातनं सुटतो.

म्हणून पट्टा. अख्ख्या पाड्याभोवती, बैलगाडी वळंल एवढ्या रुंदीचं गवत कापून काढायचं आणि खाली उरलेले खुंट पहाटेच्या दवात, ओली पोती हातात धरून, जाळून टाकायचे. वणवा आला की पट्ट्यापाशी येतो, त्याला खायला काय भेटत नाय, मग तिथंच बसतो. फॉरेस्टवाले त्याला जाळरेषा म्हणतात. उन्हाळ्याचे चार महिने त्यांनी सावळीरामला रोजंदारीवर धरला होता, डोंगरावर नजर ठेवायला. पण खाली हायवेच्या कडेच्या गवताच्या वखारी, वीटभट्ट्या, धाबे, तिथं जाऊन "बाबांनो, आग येण्याआधी तयारी करा" म्हणून घसा फोडायचं काम त्याला कुणीच दिलं नव्हतं. ते त्याचं त्यानंच घेतलं होतं.

आता पट्ट्याची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथंच अडलं.

पाड्यात जेवढ्या चुली तेवढे पट्ट्याचे तुकडे. ज्याची चूल त्याचा तुकडा. दुसऱ्याच्या तुकड्याला विळा लावायचा नाय, कुणीच नाय. लावला तर त्याचा अर्थ, ह्या घरची चूल विझली, आता हे घर गणतीत धरू नका. असा अपमान इथं कुणी कुणाचा करत नाय. भांडणं असली तरी नाय. पिढ्यानपिढ्या असंच चाललं होतं, आणि पट्टा कधी फुटला नव्हता, म्हणून रीतीला कुणी वाईट म्हणायचं कारणच नव्हतं.

सावळीरामची आई भागीबाई हिनं पोरांची लग्नं झाल्यावर आपली चूल वेगळी ठेवली. दोन पोरं, दोन सुना, पण म्हातारी म्हणायची, "माझ्या भाकरीला माझाच जाळ." म्हणून पट्ट्यातपण तिचा तुकडा वेगळा. एका बाजूला थोरल्या सावळीरामचा तुकडा, दुसऱ्या बाजूला धाकट्या वाल्मीकचा, आणि मधे बांधावर आईचा. पितळी तारेनं मूठ बांधलेला तिचा एक विळा होता. हाडं वाकली तरी ती आपला तुकडा आपणच कापायची, आणि दोन्ही बाजूंनी दोन पोरं आपापला कापत तिच्याकडं सरकत यायची. तिघांचे विळे बांधावर भेटले की म्हातारी तिथंच बसून भाकरी सोडायची.

बाप गेला तेव्हा वाल्मीक रांगत होता. सावळीरामनं त्याला खांद्यावर घेऊन वाढवला. जत्रेला खांद्यावर, शाळेला खांद्यावर, शाळेतनं पळून आला तेव्हापण खांद्यावर. वाल्मीकचं लग्न लागलं तेव्हा लोकं हसली, "सावळ्या, आता तरी खाली उतरव."

अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखात म्हातारी गेली. वाल्मीक तेव्हा दिंडोरीकडं द्राक्षाच्या मळ्यात छाटणीला गेलेला. सावळीरामनं यस्टीच्या कंडक्टरकडं निरोप दिला, मळेवाल्याच्या घरी फोन लावायला एकाला घोटीला पिटाळला. आमच्यात बापाला थोरल्यानं अग्नी द्यायचा आणि आईला धाकट्यानं. हे लहान पोराला पण ठाऊक असतं. सावळीराम दुपारपर्यंत वाटेकडं बघत बसला. ऊन असं की दगड तडकत होते. पाड्यातली म्हातारी माणसं म्हणायला लागली, "अजून किती ठेवतोस? मातीचे हाल करू नको." दिवस कलला, तरी वाल्मीकचा पत्ता नाय. शेवटी सावळीरामनं मडकं खांद्यावर घेतलं.

वाल्मीक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. निरोप त्याला रात्री भेटला होता. धावतच आला आणि सरळ वढ्याकाठी गेला. तिथं राख.

सावळीराम त्याला धरायला गेला तर त्यानं हात झटकला. एवढंच म्हणाला, "आईचं तोंड तरी ठेवायचं होतं."

त्या दिवसापासून वाल्मीक सावळीरामला दादा म्हणाला नाय. बोललाच नाय. आईच्या घरातलं त्यानं काय मागितलं नाय, फक्त तो पितळी तारेचा विळा उचलून नेला.

खरं सांगायचं तर सावळीरामची चूक नव्हती. उन्हाची होती, त्या मळेवाल्याची होती, घाई करणाऱ्या म्हाताऱ्यांची होती. पण तो कुणाचं नाव घ्यायचा नाय. म्हणायचा, "हक्क त्याचा होता. मी घेतला." ह्याच्यापुढं त्याच्याशी वाद घालून फायदा नव्हता.

आता आईचा तुकडा कुणाचा? रीत म्हणते, ज्यानं अग्नी दिला त्याचा. म्हंजे सावळीरामचा. पण सावळीरामला वाटायचं, एक हक्क घेतला, आता हा पण घेऊ? पहिल्या वर्षी त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, कुणाला न सांगता तो तुकडा कापून टाकला. वाल्मीकनं बघितलं आणि सगळ्या पाड्यासमोर बोलला, "आईचा अग्नी पण तुमचा, आईचा तुकडा पण तुमचा. घ्या. सगळं घ्या."

घरी आल्यावर सावळीराम बायकोला म्हणाला, "परत त्या बांधावर विळा घेऊन गेलीस तर बघ."

"आवं, पण आग आली तर?"

"तो त्याचा हाय. तोच कापंल. राग उतरला की कापंल."

राग उतरला नाय. दुसऱ्या वर्षी तुकडा तसाच राहिला. वाल्मीकनं हात लावला नाय, कारण रीतीनं तो दादाचा. सावळीरामनं लावला नाय, कारण मनानं तो वाल्मीकचा. बाकी कुणी लावला नाय, कारण दुसऱ्याच्या चुलीचा. त्या वर्षी पहिला वणवा आमच्या अंगाला आलाच नाय. तो पलीकडच्या डोंगरानं गेला. मग दुसरा आला, पण वारा फिरला आणि दुसऱ्याच बाजूनं पट्ट्याला टेकून विझला. लोकांना वाटलं, काय होत नाय.

सावळीरामला तसं वाटत नव्हतं. डोंगरावरनं राखण करून येताना तो रोज त्या बांधापाशी थांबायचा. दोन्हीकडं काळा स्वच्छ पट्टा, आणि मधे आईचा तुकडा, पिवळाधमक, कमरेएवढा. कधी कधी तिथं बसायचा. त्याला वाल्मीकनं एकदा दादा म्हणावं, बाकी काय नको होतं. तुकडा हे नुस्तं निमित्त. वाल्मीक विळा घेऊन त्या बांधावर आला, की समजायचं राग गेला. ह्याच आशेवर त्यानं तो ठेवला होता.

दोन हजार एक साल. पट्टा झाला, शिमगा झाला, आईचा तुकडा तसाच. सावळीराम हायवेवर यादवशेठच्या वखारीत गेला. यादवशेठ म्हंजे आमच्या भागातलं गवत विकत घेऊन मुंबईच्या तबेल्यांना ट्रकनं पाठवणारा माणूस. त्याच्या वखारीत गवताच्या गंज्या एकमेकीला चिकटून रचलेल्या. एकीला आग लागली तर सगळ्या जायच्या.

"शेठ, मधे फट ठेवा," सावळीराम म्हणाला. "दोन गंज्यांमधून बैलगाडी गेली पाहिजे. आणि पाण्याच्या टाक्या भरून ठेवा. आता चैत्राचा वारा सुटंल."

"ए डबड्या," यादवशेठ खाटेवरनं न उठता म्हणाला, "दर वर्षी येतोस, दर वर्षी डोकं खातोस. एक सांग. तुमच्या पाड्यात बांधावर कमरेएवढं गवत उभं हाय म्हणतात. कुणाचं रे ते?"

सावळीराम उपरण्यानं तोंड पुसायला लागला.

"तुझ्या आईचं ना? अख्ख्या तालुक्याला शहाणपण शिकवतोस आणि घरात ही फट? माझ्या गंज्यांना फट नाय, तुझ्या पट्ट्याला फट हाय. दोघं सारखेच."

वखारीतले हमाल हसले. सावळीरामचं तोंड काळं पडलं. शेठ तसा माणूस वाईट नव्हता. त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. उठून बसला आणि म्हणाला, "बरं, एक कर. तू तुझं गवत काप, मी माझ्या गंज्या हलवतो. उद्या ये, माणसं देतो. तू उभा राहून करून घे."

"येतो," सावळीराम म्हणाला.

त्या संध्याकाळी तो सरळ वाल्मीकच्या दारात गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा. वाल्मीक ओट्यावर दोर वळत बसलेला. भाऊ दिसला तसा त्यानं पाठ फिरवली, पण उठून आत गेला नाय. त्याची बायको सविता पोराला, रोहितला, कडेवर घेऊन दारात आली.

"भाऊजी, या," ती म्हणाली. कुणाकडं बघावं ते तिला कळंना.

"सविता," सावळीराम वाल्मीकच्या पाठीकडं बघत बोलला, "त्याला सांग, आईचा तुकडा त्याचा हाय. त्यानं कापावा."

सवितानं तोंड उघडायच्या आधीच पाठीतनं आवाज आला. "त्यांना सांग, ज्यानं अग्नी दिला त्यानं कापावा."

"त्याला सांग, अग्नी देणारा चुकला. तीन वर्षं झाली, झोपला नाय तो माणूस."

"त्यांना सांग, मी कुणाला झोपू नको म्हणालो नाय."

"अगं माय," सविता म्हणाली, "मी काय पोस्टात हाय का? एकमेकांकडं तोंड करून बोला की. मला भाकरी टाकायच्यात."

रोहित हसला. कशाला ते त्याला पण ठाऊक नव्हतं. वाल्मीकचा हात दोरावर थांबला. सावळीरामला वाटलं, आता वळतोय. पण तो वळला नाय.

मग सावळीराम म्हणाला, सविताला नाय, त्या पाठीलाच म्हणाला, "मग असं करू, वाल्या. अर्धा तू काप, अर्धा मी उद्या वखारीतनं आलो की कापतो. आई दोघांची होती."

वाल्मीकनं मान वर केली नाय. दोर वळत राहिला. सावळीराम आपल्या घरी गेला. लंकाबाईनं विचारलं तर म्हणाला, "नाय म्हणाला." ती म्हणाली, "नाय म्हणाला, का काय नाय म्हणाला?" त्यावर तो तांब्या घेऊन हात धुवायला गेला. जेवताना मात्र म्हणाला, "उद्या वखारीतनं आलो की माझा अर्धा कापून टाकतो. मग त्यानं त्याचा कापो नायतर न कापो."

दुसऱ्या दिवशी तो वखारीत होता. शेठनं शब्द पाळला होता. हमाल लावले होते. गंज्या उलगडायच्या, परत रचायच्या, मधे वाट सोडायची. सावळीराम कमरेला उपरणं बांधून आरडाओरडा करत होता, "अजून सरकव, अजून! इथनं बैलगाडी नाय, शेळी पण जायची नाय!" हमाल शिव्या देत होते आणि सरकवत होते. दुपारी वारा सुटला. कोकणाकडनं घाट चढून येतो तसला, एकदम. सावळीरामनं सवयीनं डोंगराकडं बघितलं.

पाड्याच्या खालच्या अंगाला धूर.

कुसाबाईनं त्या दिवशी मोहाखालचा पाला सकाळीच जाळला होता. गोल झाडून, सगळं नीट. पण जाळ विझला म्हणून ती घरी आली आणि एका बुंध्याच्या ढोलीत निखारा राहिला. दुपारच्या वाऱ्यानं तो उठला. म्हातारीनं हे स्वतःच सगळ्यांना सांगितलं, लपवलं नाय. आणि सावळीरामनं तिला आयुष्यात एक शब्द विचारला नाय.

तो वखारीतनं पळत सुटला. शेठनं मागनं मोटारसायकल पाठवली, तिनं त्याला पायथ्यापर्यंत सोडला, पुढं चढण. आग खालून वर माणसापेक्षा लवकर पळते. तो निम्म्यात असताना वरनं डबडं वाजायला लागलं. त्याचंच डबडं. लंकाबाई बडवत होती. पाड्यातली माणसं पट्ट्यावर उभी राहिली, ओली पोती, निरगुडीच्या डहाळ्या, जसं सावळीरामनं वर्षानुवर्षं शिकवलं होतं तसं. आग आली आणि पट्ट्यापाशी बसली. चहूकडं बसली. लोकं ओरडली, "धरला, धरला!"

एका जागी बसली नाय.

आईच्या तुकड्यातनं ती आत आली. तिथनं वाल्मीकचा गोठा, गोठ्यातनं वाल्मीकचं घर, पुढं अजून दोन घरं. सविता पोराला घेऊन विहिरीवर गेली होती म्हणून वाचली. घरं जळताना बघून लोकं तिकडं धावली, आणि वाल्मीक कुठं हाय हे कुणाच्याच ध्यानात आलं नाय.

सावळीराम वर पोचला तेव्हा बांध काळा झाला होता. वाल्मीक तिथं होता, बांधावर, हातात डहाळीचा जळका दांडा. आग अंगावर घेऊन तिथंच झोडपत राहिला असणार. पळायला वाट होती, तरी पळाला नाय.

सावळीराम बसला. त्यानं वाल्मीकचं डोकं मांडीवर घेतलं आणि काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाय. लंकाबाई सांगते, तो त्याला खांद्यावर घ्यायला बघत होता. चार माणसांनी त्याला सोडवला.

राखेत दोन विळे सापडले. एक वाल्मीकचा, रोजचा. दुसरा पितळी तारेचा, आईचा. मूठ जळून गेलेली, तार तेवढी राहिलेली.

"दोन विळे कशाला?" कुणीतरी बोललं.

"आईची आठवण म्हणून बरोबर घेऊन फिरत असंल," दुसरा म्हणाला. "आग दिसली तसा घरातनं हाताला लागलं ते घेऊन पळाला असंल," तिसरा म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. वाल्मीक आग विझवायला धावत आला आणि सापडला, असंच सगळे म्हणाले. सविताला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाय. त्या वेळी तिला काय विचारण्यासारखं नव्हतंच.

अग्नी द्यायची वेळ आली. रोहित लहान. त्याचा हात धरायला सावळीराम पुढं झाला. तेव्हा सविता उठली. सगळ्या पाड्यासमोर म्हणाली, "भाऊजींनी हात लावायचा नाय. एक अग्नी घेतलाय त्यांनी आधी."

सावळीराम मागं सरला आणि लांब जाऊन उभा राहिला. रोहितचा हात त्याच्या मामानं धरला. दहावं-तेरावं झालं तशी सविता पोराला घेऊन भावासंगं निघून गेली. पाड्यात परत आली नाय.

ह्यानंतर लोकांना वाटलं, सावळीराम डबडं फेकून देईल. नाय फेकलं. पुढच्या माघात तो परत घरोघर उभा राहिला. पोरं त्याला डबड्या म्हणायची बंद झाली होती. बडवायचा पण आता हळू. प्रत्येक दारात एकच सांगायचा, "तुकडा कुणाचा ते विचारायचं नाय. गवत दिसलं की कापायचं." म्हातारी माणसं कुरकुरली, रीत मोडतोय म्हणाली. तेव्हा तो शांतपणे म्हणायचा, "चला, बांधावर चला, तिथं बोलू." बांधावर कोण जाणार? रीत मोडली. आमच्या पाड्यात मोडली, मग शेजारच्या पाड्यांत मोडली. आता पट्टा सगळे मिळून कापतात. यादवशेठच्या वखारीत अजून गंज्यांमधून बैलगाडी जाते. दोन हजार तीन साली वखारीत आग लागली, तेव्हा एकच गंजी जळाली. शेठ पाड्यात येऊन सावळीरामच्या पाया पडायला लागला. सावळीराम घरात जाऊन बसला, बाहेर आला नाय.

आईचा विळा त्यानं घरात ठेवला होता. नवी मूठ बसवली नाय. संध्याकाळी ओट्यावर बसून तो हातात धरायचा आणि लंकाबाईला विचारायचा, "दोन विळे कशाला घेतले असतील गं?"

"आठवण म्हणून," ती म्हणायची.

"आठवण खुंटीवर असते. बांधावर कशाला?"

"मला काय ठाव? जावा की सविताकडं, विचारा."

"कुठल्या तोंडानं?"

दरवेळी हेच. कधी म्हणायचा, "तो शेवटपर्यंत नायच म्हणाला बघ. मी अर्धा अर्धा म्हणालो, तरी बोलला नाय." लंकाबाई म्हणायची, "तुम्ही त्या दिवशी वखारीत गेला नसता..." आणि मधेच थांबायची. त्याच्या पुढं दोघांनाही जाता यायचं नाय.

दोन हजार आठ सालच्या पावसाळ्यात सावळीराम गेला. छातीत धुरानं काय धरलं होतं ते कधी सुटलंच नाय. शेवटच्या दिवसांत तापात तो सारखा उठून बसायचा आणि म्हणायचा, "विळा दे. माझा अर्धा राहिलाय." लंकाबाई त्याच्या हातात पितळी तारेचा विळा द्यायची, मग झोपायचा.

तो गेल्यावर लंकाबाईला घरात तो विळा बघवंना. तिनं ठरवलं, ज्याचा त्याला द्यायचा. सविता नाशिकात द्वारकेच्या चौकाला हाय, ट्रान्सपोर्टच्या गाळ्यांमागं ड्रायव्हर लोकांसाठी भाकऱ्या थापते, एवढं कुणाकडनं तरी कळलं होतं. लंकाबाई विळा फडक्यात गुंडाळून यस्टीत बसली.

द्वारकेच्या त्या गोंगाटात, ट्रकच्या धुरात, दोघी जावा समोरासमोर आल्या. सविता उठली नाय. भाकरी थापत राहिली.

"भाऊजी गेले म्हणं," ती म्हणाली.

"गेले."

"बसा, आक्का. पाणी घ्या."

लंकाबाईनं फडकं सोडून विळा तिच्यापुढं ठेवला. "तुझा हाय. रोहितला दे." मग तिला राहवलं नाय. "सात वर्षं ते मला एकच विचारत होते, सविता. मरताना पण तेच. वाल्मीकनं दोन विळे कशाला नेले?"

सविताचा हात पिठात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिनं उलटली नाय.

"मला कुणी विचारलंच नाय," ती म्हणाली.

"आता मी विचारतेय."

मग सवितानं सांगितलं, आणि लंकाबाईनं ते घरी येऊन आम्हाला सांगितलं, तेव्हा पाड्यात पहिल्यांदा कळलं. वाल्मीक आग विझवायला धावत गेला नव्हता. आग दिसायच्या कितीतरी आधीपासून तो बांधावरच होता. सकाळी भाकरी बांधून घेतली ती दोघांची. आईचा विळा खुंटीवरनं काढला, तेव्हा सविता म्हणाली, तुमचा हाय की हातात. तर तो म्हणाला, "दादा वखारीतनं सरळ बांधावरनंच येईल, त्याच्याकडं विळा नसंल." दादा म्हणाला, तीन वर्षांनी. दुपारी विहिरीवर जाताना सवितानं बघितलं, त्यानं आपला अर्धा तुकडा कापून साफ केला होता, आणि उरलेला अर्धा दादासाठी तसाच उभा ठेवून झाडाखाली त्याची वाट बघत बसला होता. आग त्या अर्ध्यातनं आली.